बर्फासकट परत जाणारे डॉक्टर

लांजेवार डॉक्टर लस घेऊन यायचे आणि लस न देता परत जायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच परत जाताना. लाखनीला हायवेला लागून माझं कोंबडीखाद्याचं दुकान आहे. एका दुपारी समोर एक जुनी स्कूटर थांबली. वर साठी ओलांडलेला, सडपातळ, टोपीवाला माणूस, आणि त्याच्या दोन पायांच्या मधे सुतळीनं बांधलेला थर्माकोलचा डबा. पाठोपाठ मोटरसायकलवर एक कोंबड्यांचा शेडवाला आला. त्याचा चेहरा पाहून मी गिऱ्हाइकाला द्यायची पिशवी तशीच हातात धरून बाहेर आलो. असे प्रसंग मी चुकवत नाही.

"तुमीच म्हनलं ना डॉक्टर, सकाळपासून पाणी तोडून ठेव?" शेडवाला म्हणाला. "तोडलं. पिल्लं चोची वासून बसली. आन् तुमी आले, एक पिल्लू उचललं, पाह्यलं आन् म्हनता, आज नाही?"

"हो. आज नाही."

"मंग आले कायले?"

"पाहाले."

"आन् हा बर्फ?"

"बर्फ माझा आहे."

डॉक्टरांनीच मग शांतपणे समजावलं, की शेडचं छप्पर गळून पिल्लं भिजली आहेत, गारठली आहेत, आणि लस पाण्यातून पाजली तरी ती रोगाशी लढणं शिकायच्या अवस्थेत नाहीत. "ताप आलेल्या पोराले पाढे शिकवतोस का तू? आधी छप्पर नीट कर, पिल्लं सुकू दे. मी येतो परत." तो गेला. डॉक्टर माझ्याकडे वळले आणि पहिलंच वाक्य बोलले, "शेठ, फ्रीज चालू आहे ना?"

तेव्हापासून माझ्या फ्रीजचं वरचा कप्पा त्यांचा झाला. कोल्ड्रिंकच्या बाटल्या त्यांनी स्वतःच्या हातानं खाली उतरवल्या, लशीच्या कुप्या वर मांडल्या आणि मला सांगितलं, "दार कमी उघडत जा." त्यानंतर उन्हाळ्यात कुणी थंड बाटली मागितली आणि डॉक्टर दुकानात बसलेले असले, की गिऱ्हाइकाकडे ते अशा नजरेनं पाहायचे की तो बिचारा साधं पाणी पिऊन जायचा. माझा कोल्ड्रिंकचा धंदा त्यांनी जवळपास बुडवला.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून ते निवृत्त झाले होते. पेन्शन होती, मुलगी पुण्याला होती, बायको घरी सांडगे-पापड करत असे आणि "हे कुठं गेले" असं मला फोनवर विचारत असे. त्यांनी घरी बसायला काही हरकत नव्हती. पण आपल्या भागात धानाच्या बांधाला लागून ब्रॉयलरची शेडं उभी राहू लागली होती, कंपनी पिल्लं आणि खाद्य देते, शेतकरी वाढवतो, आणि प्रत्येकाच्या शेडात भिंतीवर एक छापील कागद चिकटवलेला असायचा, कोणत्या दिवशी कोणती लस द्यायची त्याचा. डॉक्टरांना त्या कागदाचा राग नव्हता. त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांचा होता. "कागद बरोबर आहे," ते म्हणायचे, "पण तो कोंबडीनं वाचलेला नाही."

त्यांचं म्हणणं समजायला मला वेळ लागला, पण एकदा समजल्यावर मी ते दुकानात येईल त्याला, त्यांच्या आवाजाची नक्कल करून सांगू लागलो. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा रिकाम्या हातानं येत नाही. आईनं तिच्या रक्तातली रोगाशी लढायची ताकद अंड्यातून त्याला दिलेली असते. ती रोज थोडी थोडी ओसरते. ती भरपूर असताना लस दिली, तर लशीतल्या जंतूला आईचीच ताकद मारून टाकते आणि पिल्लू स्वतः काहीच शिकत नाही. फार उशीर केला, तर आईची ओसरलेली असते, स्वतःची आलेली नसते, आणि मधल्या उघड्या दारातून खरा रोग आत येतो. "आईचं बोलणं संपू द्यावं," डॉक्टर म्हणायचे, "मधात बोलू नये. पण ती गप्प झाली की एक दिवस वाया घालवू नये." आणि लस टोचून किंवा पाजून झाल्यावर जो हुश्श करायचा, त्याला म्हणायचे, "तुझं काम झालं. पिल्लाचं आता सुरू झालं. ताकद तयार कराले त्याले दिवस लागतात. तोवर त्याच्यामागं उभं राहा."

एकदा त्यांनी माझ्या दुकानाच्या काउंटरवर, वजनकाट्याच्या बाजूला, पेपर पसरून एक मेलेली कोंबडी उघडली. दोन गिऱ्हाइकं काही न घेताच निघून गेली. डॉक्टरांनी शेपटीच्या मुळाशी असलेली बोराएवढी एक पिशवी कात्रीच्या टोकानं दाखवली. सुजलेली, आतून लालभडक. "ही पिल्लाची शाळा आहे शेठ. लढणं पिल्लू इथं शिकते. गंबोरो नावाचा रोग येते तो आधी शाळाच जाळते. मंग दुसरा कोणताही रोग आला तरी हे अडाणीच राहते." त्यांनी पेपर गुंडाळला, हात साबणानं तीनदा धुतले आणि त्याच काउंटरवर बसून चहा मागवला. मी त्या दिवशी चहा घेतला नाही.

त्यांचं नाव या भागात झालं ते मात्र या "आज नाही"मुळेच. लोक चिडायचे, मागं टिंगल करायचे, "फिरता फ्रीज" म्हणायचे, पण त्यांनी थांबवलेली आणि मग दिलेली लस वाया गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. टोपी जराशी तिरपी घालायचे ते काही उन्हामुळे नव्हतं.

साकोलीच्या अलीकडे, रस्ता सोडून आत गेलं की तलावाच्या पाळीला लागून यादव आणि सुमन यांचं घर आहे. पिढ्यान्‌पिढ्या तलावात आणि नदीत मासे धरणारं कुटुंब. शेड काढायची कल्पना सुमनची. यादव स्वभावानं गरीब, भीड पडणारा. सुमनला भीड पडताना मी पाहिलेलं नाही. पिल्लांची पाण्याची भांडी घ्यायला ती माझ्या दुकानात आली तेव्हा तिनं प्रत्येक भांडं पाणी भरून, उलटं करून, हलवून पाहिलं आणि दुकानात पाणीच पाणी केलं. "भाऊ, गळते ते मले नका देऊ, तुमच्या घरी वापरा," म्हणाली.

शेडची जागा सामाईक होती आणि घरात शब्द चालायचा यादवच्या थोरल्या भावाचा, देवाजीचा. देवाजीला त्या जागेवर मासे सुकवायचे ओटे आणि जाळी ठेवायला खोली हवी होती. त्यानं भावजयीला सांगितलं होतं, "एक बॅच पाहीन. जमलं तं शेड तुझं. नाही जमलं तं दुसऱ्या दिवशी खांब उपटतो." देवाजी कमी बोलतो आणि बोललेलं करतो, हे पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत. त्यामुळे सुमनच्या त्या पहिल्या बॅचकडे सगळ्या गावाचं लक्ष होतं. एखादं पिल्लू शिंकलं तरी तलावाच्या पलीकडे कळायचं.

पहिल्या आठवड्यात डॉक्टर रक्ताचे नमुने घ्यायला गेले आणि मी बरोबर गेलो. शेड नीटनेटकं होतं. तुसाचा थर भुसभुशीत, बल्ब नीट उंचीवर, आणि पिल्लं अशी गुबगुबीत की उचलून खिशात टाकावी. शेडच्या मागच्या भागात पोत्यांचा पडदा सोडलेला होता. त्यात काही विशेष नव्हतं. पिल्लं लहान असताना ऊब टिकावी म्हणून सगळेच शेडचा थोडा भाग वापरतात आणि बाकीचा पडद्यानं बंद करतात. डॉक्टरांनी इथून-तिथून काही पिल्लं उचलली, बारीक सुईनं रक्त घेतलं, प्रयोगशाळेत पाठवलं. निकाल आला तो उत्तम होता. आईची ताकद भरपूर होती. म्हणजे गंबोरोची लस नेहमीपेक्षा थोडी उशिरा द्यायची.

आणि नेमका तेव्हाच शेजारच्या गावात गंबोरो आला.

सुमनचा फोन माझ्या दुकानात आला तेव्हा डॉक्टर समोरच बसले होते. तिचा आवाज मला फोन कानापासून लांब धरूनही ऐकू येत होता. "तिकडं कोंबड्या धडाधड पडून राहिल्या, आन् डॉक्टर अजून लस देऊन नाही राहिले. भाऊ, त्यायले म्हना, लगेच या." डॉक्टर गेले. मला मागे बसवून, बर्फ घेऊन गेले. आणि पिल्लं पाहून म्हणाले, "आज नाही."

"डॉक्टर," सुमन म्हणाली, "माझं शेड या बॅचवर उभं आहे. तुमाले माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच आज नाही. आईचं अजून आहे यायच्यात. आज दिली तं वाया जाईन आन् तू समजशीन की दिली."

"आन् तवरक रोग आला तं?"

"या पिल्लायले आई सांभाळून राहिली. येऊ दे रोग."

यादव त्या वेळी दाराशी उभा होता. तो काही बोलणार होता असं मला वाटलं, पण त्यानं फक्त पायानं तूस सारखं केलं. आम्ही परत आलो. वाटेत डॉक्टर खुशीत होते. लोक घाबरून घाई करतात तेव्हा थांबणं हीच खरी डॉक्टरकी, असं काहीबाही मला ऐकवत होते.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टर पिल्लू हातात घेऊन उभे होते, तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. पिल्लांचाच आवाज, पण बारीक, रडवेला. डॉक्टरांनी हातातलं पिल्लू खाली ठेवलं. पडद्याकडे गेले आणि पोतं वर उचललं.

मागे आणखी पिल्लं होती. थोडीच, पण लहानखुरी, पंख विस्कटलेली, एका कोपऱ्यात दाटून बसलेली.

मग सगळं बाहेर आलं. कंपनीच्या गाडीत पिल्लं कमी पडली होती, म्हणून काही डबे दुसऱ्या ठिकाणच्या उबवणी केंद्रातून भरून आणले होते. ती पिल्लं बारकी निघाली. सुमननं त्यांना वेगळं ठेवलं. तलावात मत्स्यबीज सोडताना मोठ्या बोटुकलीत, म्हणजे बोटाएवढ्या माशांत, लहान टाकत नाहीत, मोठी लहानांच्या वाट्याचं खातात, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. इथपर्यंत सगळं ठीकच होतं. पण डॉक्टर येणार म्हटल्यावर यादवनं मधला पडदा सोडला आणि मागचा बल्ब बंद केला. घरी पाहुणा येतो तेव्हा आपण फाटकी चादर आत सरकवतो, तसं. सुमनला ते माहीत होतं. तिनंही हटकलं नाही.

"काहून लपवलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

यादव खाली मान घालून म्हणाला, "मरतुकडी होती जी. तुमी मोठे डॉक्टर, पह्यल्या खेपेले येऊन राह्यले. चांगली दाखवाव म्हनलं."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. मला वाटलं आता स्फोट होणार. त्यांनी टोपी काढली, पडद्याच्या बांबूला अडकवली आणि खाली बसून त्या लहान पिल्लांतलं एक उचललं. वेगळ्या आयांची पिल्लं. त्या आयांनी किती ताकद दिली होती कुणाला ठाऊक. रक्त तपासायला पाठवून निकालाची वाट पाहण्याइतका वेळ आता नव्हता.

"बर्फाचा डबा आण शेठ," ते म्हणाले. "यायले आज. आत्ता."

आधी त्यांनी पाण्याचा वास घेतला, त्यात जंतुनाशक नाही ना ते पाहिलं, लस टिकावी म्हणून दुधाची पावडर घोळली, लहान पिल्लांना तहान लागू दिली, मग कुपी पाण्यात बुडवून उघडली. आणि प्रत्येक चोच पाण्याला लागते की नाही ते गुडघ्यांवर बसून पाहत राहिले. मोठ्यांची लस त्यांच्या वेळेलाच द्यायची होती. लहानांकडचा जंतू तोवर तिकडे जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी शेडात एक कायदा केला. लहानांकडे फक्त सुमन जाणार, मोठ्यांकडे फक्त यादव. चपला वेगळ्या, भांडी वेगळी, मधे चुन्याची रेघ. एका छपराखाली राहून ते नवरा-बायको आठवडाभर एकमेकांच्या बाजूला गेले नाहीत. चहा सुमन रेघेवरून सरकवायची. "लग्नात अंतरपाट लवकर काढला आमचा," ती मला म्हणाली, "आता देव वसूल करून राहिला."

रोग आलाच. लहान पिल्लांत आला. लस पोटात गेली होती, पण पिल्लांना स्वतःची ताकद उभी करायला जे दिवस लागतात ते मिळाले नाहीत. डॉक्टर रोज सकाळी यायचे, मेलेलं एखादं उघडून पाहायचे, ती लाल झालेली पिशवी दिसली की बंद करायचे आणि पुरायला द्यायचे. लहानांपैकी थोडीच वाचली. मोठी मात्र उभी राहिली. आईची ताकद होती तोवर ती सांभाळली गेली, आणि ती ओसरताना डॉक्टरांनी बरोबर दिवस धरला. त्या दिवशी त्यांनी लस दिली तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. खुशीचा मागमूस नव्हता.

मेलेल्या पिल्लांचे खड्डे तलावाच्या पाळीवरून सगळ्यांना दिसत होते. देवाजीलाही. एका सकाळी तो शेडवर आला. सोबत गावातली दहा-पाच माणसं, त्यात दोन-तीन शेडवालेही, जी डॉक्टरांची जुनी गिऱ्हाइकं होती. देवाजीच्या खांद्यावर पहार होती. त्यानं ती भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "म्हनलं होतं ना सुमन, एक बॅच पाहीन."

सुमन काही बोलायच्या आत डॉक्टर उठले. "देवाजी, ही पिल्लं मरण्यात चूक माझी आहे. नमुने घेताना पडदा उचलून पाहाले पाहिजे होतं. नाही पाह्यलं. वेळेवर पाह्यलं असतं तं यायची लस आधी झाली असती. बाईची काही चूक नाही. शेड तिनं चांगलं ठेवलं."

त्या शेडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्या माणसाची थांबवलेली लस कधी वाया जात नव्हती, तो माणूस चार लोकांत स्वतःच्या तोंडानं चुकलो म्हणत होता. मला त्यांचा हात धरून खाली बसवावंसं वाटलं. कारण हे वाक्य संध्याकाळपर्यंत लाखनीत, साकोलीत, सगळ्या शेडांत पोचणार होतं. पोचवणाऱ्यांत मी असणार नव्हतो, ही त्यातल्या त्यात माझी नवलाई.

"खोटं बोलून राहिले डॉक्टर," सुमन म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"पडदा आमी सोडला. बल्ब आमी बंद केला. यायले दाखवलीच नाही लहान पिल्लं. चांगली तेवढी पुढं केली. मंग डॉक्टर काय पडद्याले विचारतीन? भाऊजी, खांब उपटायचे तं उपटा. पण यायचं नाव घेऊन नका उपटू."

यादव रडवेला झाला होता. डॉक्टर म्हणाले, "सुमन, गप. पडद्याआड पाहणं डॉक्टरचंच काम असते," आणि सुमन म्हणाली, "तुमीच गप व्हा जी," आणि क्षणभर दोघं चुकीवरच भांडत राहिले, जणू ती चूक म्हणजे मोठ्या मासोळीचा वाटा होता आणि कुणालाच सोडवत नव्हता.

देवाजी तेवढा वेळ शेडात गेला. मोठ्या कोंबड्यांमधून हळूहळू चालत शेवटपर्यंत गेला आणि परत आला. कोंबड्या त्याच्या पायांतून बाजूला सरकत होत्या, तजेलदार, जड. बाहेर येऊन त्यानं पहार उचलली. तो पडद्याच्या बांबूजवळ गेला, पहारीच्या टोकानं बांबू उचकटला आणि पोत्यासकट खाली पाडला.

"पुढच्या बॅचले हे नको," तो म्हणाला आणि घरी गेला.

डॉक्टरांची काही गिऱ्हाइकं त्यानंतर खरंच तुटली. छापील कागदावर विश्वास ठेवणं सोपं होतं, कारण डॉक्टर चुकलो म्हणाले होते आणि कागद तसं कधीच म्हणत नाही. डॉक्टरांनी त्याबद्दल माझ्याकडे एकदाही तक्रार केली नाही. फक्त त्यानंतर ते कुठल्याही शेडात गेले की आधी तिथल्या माणसाशी अर्धा तास गप्पा मारायचे, पोरांची, धानाची, सासुरवाडीची चौकशी करायचे. मी विचारलं तर म्हणाले, "मी मोठा वाटलो की लोक लपवतात शेठ. जरा लहान होऊन जातो आताशा." टोपीही सरळ घालू लागले.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. माझ्या फ्रीजमध्ये त्यांच्या काही कुप्या होत्या, त्या मी त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे दिल्या.

यंदा सुमनच्या शेडला लागून दुसरं शेड उभं राहिलं आहे. ते देवाजीनं बांधलं. पिल्लं आली तेव्हा कंपनीचा नवा डॉक्टर तपासायला आला, तरुण, इस्त्रीच्या शर्टातला. दारातच त्याला समोरची गुबगुबीत पिल्लं दिसली आणि तो त्यातलं एक उचलायला वाकला. देवाजीनं त्याचा दंड धरला. शेडच्या अगदी टोकापर्यंत त्याला चालवत नेलं, तुसात बसलेलं एक किडमिडं, पंख विस्कटलेलं पिल्लू ओंजळीत उचललं आणि त्याच्यापुढे धरलं.

"सायेब, सगळ्यात मरतुकडं हे आहे," तो म्हणाला. "आधी हे पाहा."